तिसरी टिचकी

९ फेब्रुवारी, सोमवार

कंपनी चालवणाऱ्या दाढीवाल्यानं आज ही वही हातात ठेवली. म्हणाला, काका, विमानाबद्दल जे जे आठवेल ते रोज लिहीत जा, आम्हाला उपयोगी पडेल. वही चांगली जाडजूड आहे, तेव्हा विमानाचं मी त्याला सुट्या कागदांवर लिहून देणार आणि वही स्वतःला ठेवणार. सहासष्ट वर्षांत कधी दैनंदिनी लिहिली नाही, आता लिहून काय दिवे लावणार आहे कोण जाणे.

काम असं आहे. ही सात-आठ पोरांची कंपनी घरच्या कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायचे सिम्युलेटर बनवते. त्याला खेळ म्हटलं की यांना राग येतो. यांचं गिऱ्हाईकही तसलंच. दोनशे पानांचं माहितीपुस्तक वाचून, इंजिन सुरू करायची एकोणतीस बटणं क्रमानं दाबून मग उडणारी माणसं. एक दिवा चुकीच्या रंगाचा दिसला तर पत्र लिहितात. आता यांनी म्हातारी करायला घेतलीय. म्हातारी म्हणजे ते एका इंजिनाचं जुनं जेट. सुरू होताना कण्हायचं, म्हणून आम्ही फिटर लोक त्याला म्हातारी म्हणायचो. त्याची घड्याळं, म्हणजे समोरचे सगळे काट्यांचे मीटर, मी एकवीस वर्षं दुरुस्त केली. म्हणून मला बोलावलं.

आमचा टिल्लू म्हातारीतच गेला. चार वर्षं झाली. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर इंजिन बंद पडलं. हँडल ओढून तो सीटसकट बाहेर उडाला, पण छत्री उघडायला उंची पुरली नाही. चौकशी समितीनं लिहिलं की इंजिन बंद पडणं हा यांत्रिक दोष, परंतु बाहेर पडण्याचा निर्णय घेण्यास वैमानिकाने विलंब केला. विलंब. माझ्या पोरानं. एका ओळीत निकाल लावून मोकळे झाले.

दाढीवाल्याला यातलं काही सांगितलेलं नाही. हे विमान हुबेहूब झालं की मी त्यात बसून तेच वळण घेणार आहे, आणि दाखवणार आहे की वेळ नव्हताच मुळी.

१२ फेब्रुवारी

मागच्या खोलीत पोरांनी प्लायवूडचं कॉकपिट उभं केलंय. समोर तीन पडदे. स्टिक, थ्रॉटल आणि दोन्ही गुडघ्यांमधलं, सीट उडवायचं ते पिवळं-काळं हँडल खऱ्यासारखं, बाकी सगळं चित्र.

विमानाचं उडणं गणितात लिहिणारी जी मुलगी आहे तिला मी मनातल्या मनात चष्मेवाली म्हणतो. जन्मात दोनदाच विमानात बसलीय, तेही प्रवासी म्हणून, पण पंखावरून हवा कशी वाहते ते तिला तोंडपाठ आहे. तिनं मला बसवलं. मी वैमानिक नाही, हे कबूल. पण दोन सीटच्या म्हातारीत मागे बसून मीटर तपासायला मी साठेक वेळा वर गेलोय, पुष्कळदा स्टिकही हातात घेतलीय. दोन मिनिटांत कळलं की ही म्हातारी नव्हे, म्हातारीची नात आहे. थ्रॉटल पुढे केला की लगेच ताकद देते. खरीला तेरा सेकंद लागायचे. चाकं आणि फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या पट्ट्या, बाहेर काढून इंजिन बंद केलं तर ही तरंगत तरंगत खाली येते. खरी पोत्यासारखी पडायची.

चष्मेवालीनं कारखान्याचं पुस्तक काढून आकडे दाखवले. मी म्हटलं, हे आकडे नव्या कोऱ्या विमानाचे आहेत आणि ते विकणाऱ्यानं छापलेत. ती हसली आणि म्हणाली, मग तुमचे आकडे द्या काका. माझ्याकडे आकडे नाहीत, बूड आहे. पोटात गोळा कधी यायचा ते बूड विसरत नाही. तिला हे सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. तिनं गंभीर चेहऱ्यानं टिपून घेतलं.

२० फेब्रुवारी

आज घड्याळं बसवली. भंगारातून म्हातारीचे अकरा खरे मीटर शोधून आणले, साफ केले, मागून कॉम्प्युटरच्या वायरी जोडल्या. आता पडद्यावरचं विमान जे करतं ते खऱ्या काट्यांवर दिसतं. दाढीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं.

मग मी त्यांना अडकणाऱ्या काट्याचं सांगितलं. जुन्या मीटरचा काटा कधी कधी जागीच चिकटतो, खोटं सांगतो. म्हणून फिटर असो की वैमानिक, वेगळं काही दिसलं तर काचेवर बोटानं टिचकी मारल्याशिवाय आमच्याकडे कोणी काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि टिचक्या तीन. पहिली काट्याला जागं करायला, दुसरी तो जागा झाला का बघायला, तिसरी आपल्या समाधानासाठी. चष्मेवाली म्हणाली, हे जगात कुठल्याच सिम्युलेटरमध्ये नाही. तिनं उत्साहानं काचांमागे बारके सेन्सर चिकटवले. आता काटा मुद्दाम कधीमधी अडकतो आणि टिचकी मारली की सुटतो. घरी उडवणाऱ्यानं काचेवर माऊसनं टिचकवायचं.

हे मी टिल्लूला सात वर्षांचा असताना शिकवलं होतं. वर्कशॉपमध्ये बाकावर उभा राहून मारायचा. मग काय, घरात काचेची म्हणून वस्तू सोडली नाही. वजनकाटा, भिंतीवरचं घड्याळ, गॅसचा मीटर. डॉक्टर हिचं, म्हणजे टिल्लूच्या आईचं, बीपी बघायला आले तर यानं आधी त्यांच्या यंत्राच्या काचेवर तीन टिचक्या मारल्या. डॉक्टर म्हणाले, हा इंजिनिअर होणार. पुढे सहा फूट वाढला तरी नाव टिल्लूच राहिलं, आणि टिचक्याही.

२१ फेब्रुवारी

काल रात्री जेवताना हिला टिचकीचं सांगितलं. वाटलं, खूश होईल. ही ताटावरून उठली. म्हणाली, "अहो, ते नका घालू त्यात." का म्हटलं तर आत जाऊन कपाट आवरत बसली. आवरलेलंच कपाट.

आमच्या बैठकीच्या खोलीत हवेचा दाब दाखवणारा एक जुना मीटर होता. मी रोज सकाळी त्यालाही टिचकी मारायचो. टिल्लू गेल्यावर महिन्याभरात हिनं तो काढून माळ्यावर टाकला, म्हणाली काच तडकलीय. मला तर काच धड दिसली होती. बायकांच्या मनातलं आपल्याला काय कळणार, म्हणून तेव्हाही बोललो नाही.

६ मार्च

दोन आठवडे नुसतं पाडतोय. चष्मेवाली एक आकडा बदलते, मी इंजिन बंद करून पडतो, बूड काय म्हणतं ते सांगतो, ती परत बदलते. आज अखेर पोटात गोळा आला. मी उतरून पाच मिनिटं खुर्चीवर बसून राहिलो. तिनं पाणी आणून दिलं. म्हणाली, इतकं वाईट झालंय का काका? मी म्हटलं, इतकं बरोबर झालंय.

आणखी एक गोष्ट बरोबर झाली. उतरताना इंजिन कमी ताकदीवर असतं, हेल्मेटमध्ये आवाजातला फरक कळत नाही. तेव्हा बंद पडलं तर पहिल्यांदा सांगतो तो आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा काटाच, उजवीकडे खालचा. ते आता तसंच घडतं.

तिनं छत्रीचंही सगळं केलंय. हँडल ओढल्यावर खेळ संपत नाही. छत्री उघडते, आपण लोंबकळत, झुलत, खऱ्या वेगानं जमिनीपर्यंत येतो. मी म्हटलं, हे कशाला, एवढा वेळ कोण बघत बसणार? ती म्हणाली, बाहेर पडलेला माणूस खाली पोचेपर्यंत गोष्ट संपत नाही ना. मला तिचा हट्ट समजला नाही. तिचे चार दिवस त्यात गेले.

१५ मार्च, रविवार

दर रविवारी अकराला ही आतल्या खोलीत दार लोटून सूनबाईशी फोनवर बोलते आणि मी पेपर वाचत असल्याचं सोंग करतो. चार वर्षांत मी सूनबाईशी एक शब्द बोललेलो नाही.

का ते लिहूनच टाकतो. चौकशीच्या निकालावर आक्षेप घ्यायला तीस दिवस होते, आणि तो हक्क फक्त बायकोचा. मी तिच्या हातापाया पडायचं बाकी ठेवलं होतं. तिनं आक्षेप घेतला नाही. कागद मिळाल्याची सही केली, फाइल कपाटात ठेवली, मला वाचायलाही दिली नाही. म्हणाली, बाबा, आता पुरे. मी तिला म्हणालो की तुझा नवरा दोषी ठरला तरी तुला चालतंय, तुला पेन्शनशी मतलब. हे मी तिच्या आईसमोर बोललो. ती उठून गेली. पेन्शनचं बोलायला नको होतं. बाकीचं अजूनही बोलेन.

आता अडलंय ते असं, की विमान तयार आहे पण त्या दिवसाची उंची, वेग, सेकंद हे सगळं तिच्या फाइलीत आहे. गरज मला आहे. मी हिला म्हटलं, तू विचार. ही म्हणाली, "तुमच्या तोंडाला काय झालंय?"

२२ मार्च, रविवार

फोन केला. तिनं उचलला आणि "बाबा" म्हणाली, जसा काही मी कालच फोन केला होता. मी एकदम कामाचंच बोललो. फाइल नको, नुसते आकडे सांग. तिनं विचारलं, कशाला हवेत? सिम्युलेटरचं सांगितलं. वेळ नव्हता हे सिद्ध करणार, म्हटलं.

ती म्हणाली, सोडून द्या ना बाबा. मी म्हटलं, तू सोडलंस, मला जमत नाही. तिनं फाइल आणली. पानं उलटल्याचा आवाज ऐकू येत होता. काटा पडला तेव्हा उंची सहाशे वीस फूट. हँडल ओढलं तेव्हा तीनशे. मधे चार पूर्णांक चार सेकंद. वेग, वळणाचा कोन, सगळं सांगितलं. अजून काही आहे का त्यात, म्हटलं. ती म्हणाली, "नाही बाबा, एवढंच." आवाज जड झाला होता. तिलाही हे आकडे वाचून त्रास झाला असणार, मी आपला माझाच विचार करत होतो.

२३ मार्च

आकडे भरले. चार पूर्णांक चार सेकंदांत आमची म्हातारी सहाशे वीसवरून तीनशे दोन फुटांवर आली. फक्त दोन फुटांचा फरक. चष्मेवाली ओरडलीच. कारखान्याचं पुस्तक खोटं आणि माझं बूड खरं. इतका खूश मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो. अजून तिला माहीत नाही की हे आकडे कोणाचे आहेत.

२६ मार्च

पण चार पूर्णांक चार का? हे काही गळी उतरत नाही. काटा पडलेला बघायचा, ओळखायचं, हँडल ओढायचं. शिकलेल्या वैमानिकाला दोन सेकंद लागतात, फार तर सव्वादोन. टिल्लू तर वर्गात पहिला. मग वरचे दोन सेकंद गेले कुठे?

घरी परत येताना रस्त्यातच लख्ख उजेड पडला. हँडल अडकलं असणार. त्यानं वेळेवर ओढलं, पण हँडल सुटलं नाही. सीटमधला दोष आणि समितीनं तो पोराच्या माथी मारला. सूनबाईनं आक्षेप घेतला असता तर तेव्हाच बाहेर आलं असतं. मी समितीला पत्र लिहायला बसलो. तीन पानं झाली.

३० मार्च

पत्राला पुरावा हवा. म्हणून मी स्वतः बसून वेळ मोजतोय. म्हातारा फिटर जर सव्वादोन सेकंदांत हँडल ओढू शकला तर तिशीतला वैमानिक का नाही? काटा कधी पाडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो, म्हणजे मला आधी कळत नाही. चष्मेवालीला सांगितलं की मी नुसता सराव करतोय.

आज चाळीस वेळा पडलो. चाळीसही वेळा मेलो. वेळ साधारण चार तीन, चार चार, चार पाच. हात म्हातारे झाले, दुसरं काय. उद्या पुन्हा.

३१ मार्च

छपन्न वेळा. तेच. चिडून थ्रॉटलवर मूठ आपटली. हिनं घरी बोटं बघितली आणि हळद लावली.

१ एप्रिल

आज कळलं.

पत्राला जोडायला म्हणून मी चष्मेवालीकडे माझ्या वेळांचा तक्ता मागितला. कॉम्प्युटर सगळं टिपून ठेवतो, स्टिक कधी हलली, हँडल कधी ओढलं, सगळं. ती तक्ता घेऊन आली आणि कौतुकानं म्हणाली, "काका, तुम्ही किती पक्के आहात. शहाण्णव वेळा पडलात, एकदाही टिचकी मारायला चुकला नाहीत."

मी म्हटलं, कसली टिचकी?

तिनं बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक ओळीत तसंच. काटा पडला. मग आरपीएमच्या काचेवर एक, दोन, तीन. मग हँडल. माझा डावा हात थ्रॉटल सोडून काचेकडे जातो, तीन टिचक्या मारतो, खाली येतो. मला पत्ताच नाही. मला वाटत होतं की मी सरळ हँडलच ओढतोय.

सगळ्याला मिळून दोन सेकंद आणि थोडं वर.

मी तिला म्हटलं, तू समोर बस, टिचकी न मारता ओढून दाखव. तिनं ओढलं. दोन पूर्णांक एक. छत्री उघडली, वाचली. मग म्हटलं, एक मार. वाचली. दोन मार. छत्री अगदी जमिनीशी उघडली, पाय मोडले असते, पण वाचली. मग तीन मार म्हटलं. ती माझ्याकडे बघून थांबली. बहुतेक माझा चेहरा बघून थांबली. मी पुन्हा म्हटलं, तीन मार.

दोन टिचक्यांपर्यंत माणूस जगतो. तिसरी आपल्या समाधानासाठी असते.

४ एप्रिल

तीन दिवस गेलो नाही. ताप आहे म्हणून कळवलं.

५ एप्रिल, रविवार

अकरा वाजता हिनं फोन घेतला तर मी तिच्या हातातून काढून घेतला. सूनबाईला विचारलं, फाइलीत आवाजाबद्दल काही आहे का? कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग असतं ना, त्याबद्दल.

"आहे, बाबा."

"काय लिहिलंय?"

"काचेवर ठोकल्यासारखा आवाज, तीन वेळा. कारण अज्ञात."

ती सांगत राहिली. चौकशीच्या वेळी त्यांनी तिला एका खोलीत बसवून तेवढा तुकडा ऐकवला होता. विचारलं होतं की हा आवाज ओळखीचा वाटतो का. ती नाही म्हणाली. घरात रोज ऐकलेला आवाज. इस्त्रीच्या दिव्यावर, ओव्हनच्या काचेवर, तिच्या चष्म्यावरसुद्धा तो गमतीनं मारायचा. आणि ती नाही म्हणाली.

मी विचारलं, का?

"हो म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतं की ही सवय कोणी लावली. मग ते कागदावर आलं असतं आणि तुम्ही वाचलं असतं. आक्षेप घेतला असता तर ती टेप तुमच्यासमोर वाजली असती. तुम्ही पहिल्या टिचकीलाच ओळखलं असतं, बाबा."

चार वर्षं तिनं ते एकटीनं पोटात ठेवलं. एकटीनं नाही, हिलाही ठाऊक होतं. ही समोर उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तो मीटर माळ्यावर का गेला ते मला आज समजलं. दोघींनी मिळून मला राग धरू दिला, कारण राग गेला असता तर मागे काय उरलं असतं ते त्यांना माहीत होतं. आणि मी तिला पेन्शनचं बोललो होतो.

मी "पोरी" म्हटलं. तिकडे तीही रडत होती.

७ एप्रिल

समितीचं पत्र फाडलं. हँडल अडकलं नव्हतं. समितीनं विलंब लिहिलं ते खरं होतं, तो कोणाचा हे त्यांनी चुकीचं लिहिलं.

८ एप्रिल

झोप नाही, जेवण नाही. ही म्हणते, इंजिन तुम्ही बंद पाडलं होतं का? नाही. त्याला विमानात बसवलं होतंत का? नाही. ते खरं आहे, आणि त्यानं काही फरक पडत नाही. बाकावर उभा राहून तो मारायचा तेव्हा मी मागून त्याचं बोट धरायचो. असं नाही, पेरानं मार. अजून एक. हां, आता खरं. हे मी म्हटलेलं आहे.

बरोबर शिकवलं होतं, हेच तर सहन होत नाही. चुकीचं शिकवलं असतं तर निदान चूक म्हणता आलं असतं.

१३ एप्रिल

कामावर गेलो. चष्मेवालीला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, टिल्लूपासून. तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग म्हणाली, टिचकी काढून टाकते, काका. आत्ता काढते.

मी नको म्हटलं. म्हातारी अशीच होती. काटे अडकायचे, आणि टिचकीनं कितीतरी जण सुखरूप परत आले. तेवढंच खोटं केलं तर मग सगळं हुबेहूब करायचा अट्टहास कशाला केला?

पण माहितीपुस्तकातला टिचकीचा परिच्छेद मी लिहिला होता. त्यात आज चार वाक्यं वाढवली. जमीन जवळ असताना, हजार फुटांच्या खाली, आरपीएमचा काटा पडलेला दिसला तर तो खरा धरा. टिचकी मारू नका. काटा खोटा असला तर एक विमान जाईल. जाऊ द्या.

हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? तो बाकावर उभा असताना, किंवा नंतर कधीही, एखाद्या सुट्टीत, जेवताना. तेवीस वर्षं होती माझ्याकडे.

१८ एप्रिल, शनिवार

सूनबाई आली. चार वर्षांत केस कानाजवळ पांढरे झालेत तिचे. दारात मी हात जोडले तर तिनं ते धरले आणि खाली केले. ही म्हणाली, आधी बसू तर द्या तिला.

दुपारी ती म्हणाली, मला एकदा बघायचंय. चार सेकंद म्हणजे किती, ते तिला कधी उमगलं नव्हतं. चष्मेवालीनं सुट्टीच्या दिवशी येऊन दार उघडून दिलं आणि स्वतः बाहेर थांबली.

मी कॉकपिटमध्ये बसलो, सूनबाई शेजारी स्टूल घेऊन. काय काय होतं ते एकेक करून सांगितलं. हे चाकांचं हँडल, हे फ्लॅप. आता वळण सुरू. ही समोर दिसते ती धावपट्टी. इथवर तो आला होता. तिनं मान हलवली.

उजवीकडे खालचा काटा पडला.

मला माहीत होतं तो पडणार. सतरा दिवस मी दुसरा विचार केला नव्हता, वही भरली होती, पुस्तकात लिहून दिलं होतं. तरी माझा डावा हात थ्रॉटल सोडून काचेकडे गेला. मी स्वतः बघितला तो जाताना. थांबवता आला नाही.

तिनं तो मधेच धरला. मनगटापाशी, घट्ट, दोन्ही हातांनी. टिचकी एकही पडली नाही. मग मी उजव्या हातानं हँडल ओढलं.

छत्री उघडली. पडद्यावर जमीन दूर होती आणि आम्ही लोंबकळत होतो, थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे. रिकामी म्हातारी लांब कुठे तरी धूर झाली. सूनबाईनं माझा हात सोडला नाही. खाली एक शेत होतं, पलीकडे रस्ता, रस्त्यावर एक पांढरी गाडी चालली होती. चष्मेवालीनं ती गाडीसुद्धा केली होती, मला इतके दिवस दिसली नव्हती.

सोळा सेकंद लागतात. आम्ही दोघं बघत राहिलो, पाय जमिनीला लागेपर्यंत.